बोलकी दुर्बीण लेकराच्या हातात देण्याआधी

आमच्या घरी बोलकी दुर्बीण आली ती लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला. भावानं पुण्याहून पाठवली होती. खोक्यावर चंद्र, कड्यांचा शनी, अंतराळवीर अशी चित्रं. आम्ही त्याच रात्री गच्चीवर गेलो. पौर्णिमा जवळ आलेली, चंद्र चांगला वर आला होता. लेकीनं दुर्बीण चंद्राकडं धरली, डोळे लावले आणि बटण दाबलं. आत शनी दिसला आणि एक बाई इंग्रजीत भराभरा बोलायला लागली. लेकीनं दुर्बीण खाली घेतली, एकदा चंद्राकडं बघितलं, परत डोळे लावले. म्हणाली, "आई, ह्यात चंद्र दिसंना की. हे मोडलंय."

ती रडतच झोपली आणि दुर्बीण दोन महिने कपाटावर पडून राहिली. वस्तू चांगली होती. ती कशासाठी आहे हे मी आधी बघितलं नव्हतं, एवढंच. पुढं तीन वर्षं आम्ही ती भरपूर वापरली, पुतण्यानं वापरली, माझी जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते तिच्या वर्गातही जाऊन आली. आता ओळखीतलं कुणी असं खेळणं घेतलं की फोन करून विचारतं, "काय करायचं गं ह्याचं?" दर वेळी तेच सांगते, म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून काढते आहे.

जवळ काय काय ठेवायचं

- बारीक पेन्सिल सेल, लागतात त्यापेक्षा एक जोडी जास्त
- फुलीच्या टोकाचा लहान पेचकस (सेलचं झाकण स्क्रूनं बंद असतं)
- दोनशे पानी वही आणि पेन
- मऊ सुती कापड, चिकटपट्टी
- टॉर्च आणि तिच्या काचेवर बांधायला लाल कागद किंवा लाल कापड
- मूठभर ज्वारी, थोडा राजगिरा, एक लिंबू, एक आवळा, एक मोठी परात (कशासाठी ते पुढं येईल)
- दुकानाचं पक्कं बिल आणि खोक्यातला माहितीचा कागद

१. आधी ओळखा: ही दुर्बीण आहे की चित्रांची पेटी?

बहुतेक बोलक्या दुर्बिणींना बाहेरचं काही दिसत नाही. आत एक चकती असते, तिच्यावर पारदर्शक बारीक चित्रं. बाजूचं चाक फिरवलं की पुढचं चित्र डोळ्यासमोर येतं, आतला बारका दिवा ते उजळवतो आणि बटण दाबलं की त्या चित्राची माहिती ऐकू येते. आमच्या खेळण्यात अशी चोवीस चित्रं आहेत. जत्रेत पूर्वी डब्याला डोळा लावून सिनेमा बघायचे, जवळपास त्याच जातीची ही वस्तू. फरक एवढाच की ही बोलते.

ओळखायला सोपं आहे. दिवसा खिडकीपासून चार पावलं मागं उभं राहून आत बघा. खिडकीचे गज दिसले तर खरं भिंग आहे. गज न दिसता ग्रहाचंच चित्र दिसलं तर ती चित्रपेटी. पुढचं भिंग कितीही चकचकीत असलं तरी ते शोभेचं असतं.

चित्रपेटी निघाली म्हणून नाराज होऊ नका. चार-पाच वर्षांच्या लेकराला खरी दुर्बीण दिली तर त्याला एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघणं जमत नाही, नळी हलते आणि आतलं निसटतं. इथं दोन्ही डोळ्यांनी बघता येतं, काही जुळवावं लागत नाही. म्हणून या वयाला हे खेळणं बरोबर आहे. फक्त ते आकाश दाखवत नाही. आकाश आपल्याला दाखवावं लागतं.

२. विकत घेताना

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण बंधनकारक आहे. सेलवर चालणाऱ्या खेळण्यावर ती खूण आणि खाली आयएस १५६४४ हा मानकाचा आकडा असायला हवा. ऑनलाइन मागवताना खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो नीट मोठा करून बघा. खूण दिसत नसेल तर ते घेऊ नका. यात सेल असतात, लहान भाग असतात आणि लेकरू ते तोंडाजवळ धरतं.

मग भाषा बघा. परदेशी बनावटीच्या खेळण्यात इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच अशा भाषा असतात, काहींत हिंदी. मराठी माझ्या बघण्यात अजून आलेली नाही. त्यामुळं "चार भाषा" वाचून भुलू नका. चारातली एक तरी तुम्हाला समजते का, तेवढं बघा. दुकानात घेत असाल तर तिथंच सेल घालून बटण दाबायला लावा. आवाज कमी-जास्त करायची सोय असली तर चांगलंच.

"पाचशे पट मोठं दिसतं" असं खोक्यावर छापलेलं असेल तर खोकं परत ठेवा. खेळण्याच्या भिंगाला ते होणार नाही.

३. सेल घालणं

हे काम लेकरू शाळेत असताना उरका. झाकण उघडून अधिक-उण्याच्या खुणा बघा. एक सेल नवा, एक जुना असं करू नका. जुना सेल लवकर उतरतो आणि पाझरतो. झाकणाचा स्क्रू घट्ट लावल्याशिवाय खेळणं हातात देऊ नका.

आवाज घोगरा झाला, बाई संथ बोलायला लागली किंवा मध्येच अडखळली, तर बिघाड समजण्याआधी सेल बदलून बघा. माझ्या एका मैत्रिणीनं याच कारणासाठी खेळणं परत पाठवलं होतं. आवाज फार मोठा असेल आणि बटणानं कमी होत नसेल तर आवाजाच्या भोकांवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. ही युक्ती खरंच चालते.

४. लेकराआधी तुम्ही ऐका, आणि वही करा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकीच्या पायऱ्या मागं-पुढं झाल्या तरी चालतात, ही चुकवू नका.

एका दुपारी मी दार लावून बसले आणि चोवीसही चित्रं ऐकली. चाकाच्या क्रमानं वहीत आकडा टाकला, चित्रात काय आहे ते लिहिलं आणि बाई काय म्हणते ते मराठीत उतरवलं. पहिला मसुदा पाठ्यपुस्तकासारखा झाला: "मंगळाच्या पृष्ठभागावर लोह ऑक्साइडचे प्रमाण अधिक आहे." लेक ऐकता ऐकता चाकाशी खेळायला लागली. मग मी तेच असं लिहिलं: "मंगळ तांबडा दिसतो, कारण तिथली माती गंजलेली आहे. आपल्या गोठ्याच्या पत्र्याला पावसाळ्यात चढतो ना, तसला गंज." लेक पळत जाऊन पत्र्याला हात लावून आली, बोटाला लागलेला तांबडा रंग बघितला आणि परत दुर्बिणीला डोळे लावले.

तेव्हापासून वहीतलं प्रत्येक वाक्य घरातल्या, रानातल्या कशाशी तरी जोडायचं हे ठरलं. आमच्या वहीतली थोडी पानं अशी:

*शुक्र.* सगळ्यात तापलेला ग्रह. सूर्याला बुध जास्त जवळ आहे, तरी शुक्रच जास्त तापतो, कारण त्याच्या अंगावर दाट हवेची गोधडी आहे, उष्णता बाहेर जात नाही. तिथं साधारण ४६५ अंश असतात. आपण उन्हाळ्यात ४२ अंशाला कासावीस होतो.

*गुरू.* सगळ्यात मोठा. तरी एवढा भराभरा फिरतो की त्याचा दिवस दहा तासांच्या आत संपतो. त्याच्यावरचा तांबडा डाग म्हणजे वादळ आहे, आख्खी पृथ्वी मावेल एवढं.

*चंद्र.* तिथं वारा नाही, पाऊस नाही. १९६९ मध्ये माणसं तिथं चालून आली. त्यांच्या पावलांचे ठसे पुसायला तिथं कुणी नाही.

*चंद्रावरचे खड्डे.* आकाशातून दगड पडून झालेले. असा एक खड्डा आपण बसनं जाऊन बघू शकतो: लोणारचं सरोवर. ते विदर्भाच्या हद्दीत आहे, पण जालन्याच्या अगदी शेजारी. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. चंद्रावरचा टायको नावाचा खड्डा ८५ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे जवळजवळ लातूर ते धाराशिव.

शनीचं चित्र घरात नाजूक ठरू शकतं, म्हणून त्याबद्दल वेगळं सांगते. माझ्या सासूबाईंनी आत शनी बघितला आणि हात जोडले. लेकीनं विचारलं, "आजी, साडेसाती म्हणजे हाच का?" मी गप्प बसवलं नाही आणि सासूबाईंना दुखवलंही नाही. हिशेब मांडून दाखवला. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. आकाशाच्या पट्ट्याच्या बारा राशी केल्या, तर एका राशीत तो साधारण अडीच वर्षं राहतो. तीन राशींची मिळून साडेसात वर्षं. साडेसातीतली साडेसात आली ती शनीच्या सावकाश चालीतून. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आपल्या जुन्या माणसांनी एवढं बघून ठेवलं होतं." बघून ठेवलं होतंच, तेही भिंगाशिवाय. त्या दिवसापासून वही वाचून दाखवायचं काम त्यांनी घेतलं, आणि माझ्यापेक्षा त्यांचं वाचन लेकीला जास्त आवडतं.

५. शिळी माहिती दुरुस्त करा

खेळण्यातला आवाज एकदाच भरलेला असतो. आकाशातलं ज्ञान पुढं जातं, तो तिथंच थांबतो. वहीत अशा जागी लाल पेनानं खूण करा.

उपग्रहांचे आकडे सगळ्यात लवकर बदलतात. मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्याची संख्या २७४ झाली. खेळण्यातली बाई कदाचित साठ-बासष्टच सांगेल किंवा गुरूला पहिला नंबर देईल. खेळण्यात नऊ ग्रह सांगितले असतील तर तेही जुनं आहे. प्लूटोला २००६ पासून बटुग्रह म्हणतात, ग्रह आठच.

आणि आपलं जे त्यात नाही ते तुम्ही घाला. चंद्राचं चित्र आलं की मी सांगते: २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी आपलं चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. तेवढ्या दक्षिणेला त्याआधी कुणीच उतरलं नव्हतं. हे ऐकताना पुतण्याचा चेहरा कसा खुलतो ते मी बघितलंय. परदेशी आवाजातली चोवीस चित्रं ऐकून लेकराला वाटू नये की आकाश फक्त दुसऱ्यांचं आहे.

जरा मोठ्या मुलांना आणखी एक सांगा. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया नावाची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्या बांधकामाला मंजुरी दिली. तिला भिंगाचा डोळा नसेल. काटकोनात चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या असतील आणि दूर कुठं कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की इथं पोचणारी अगदी बारीक थरथर त्या टिपतील. आपल्या मराठवाड्यात! मुलांना हे शाळेच्या पुस्तकाआधी घरातून कळावं असं मला फार वाटतं.

६. पहिल्यांदा देताना काय बोलायचं

मी आता एवढंच सांगते: "ही गोष्टींची दुर्बीण आहे. हिच्यात फोटो आहेत. मोठ्या दुर्बिणींनी आणि यानांनी काढलेले. खरा चंद्र आपण रात्री गच्चीवर आपल्या डोळ्यांनी बघू." हे आधी कळलं की पोर फसल्यासारखं होत नाही. पुतण्याला असंच सांगून दिली, त्यानं एकदाही तक्रार केली नाही.

पहिल्या दिवशी दिवसा, घरात आणि तीनच चित्रं: चंद्र, सूर्य, पृथ्वी. तिन्ही त्यानं आधी बघितलेली असतात. चाक त्यालाच फिरवू द्या. मध्येच गर्रकन पुढं गेला तरी ओरडू नका. आधी चित्र, मग बाईचा आवाज, मग वहीतली मराठी, असा क्रम ठेवा. मराठी झाल्यावर परत एकदा बटण दाबू द्या. आता त्याला इंग्रजीतले दोन-चार शब्द ओळखीचे वाटतात आणि तो स्वतःहून म्हणायला लागतो. आमच्या लेकीचा "सॅटर्न" असा शिकवल्याशिवाय आला.

७. प्रश्नांचं बटण जपून वापरा

बहुतेक खेळण्यांत दुसरं बटण प्रश्नोत्तरांचं असतं. बाई प्रश्न विचारते, तुम्ही चाक फिरवून बरोबर चित्र आणायचं. चुकलं की एक आवाज, बरोबर आलं की टाळ्या.

आपल्याकडं यात एक धोका आहे. लातूरात आम्ही शिकवणी वर्गांच्या पाट्या बघतच मोठे झालो. लेकरू पहिलीत नाही तोच घरात मार्कांची भाषा सुरू होते. एका ओळखीच्या घरी या खेळण्याचा रोज वीस प्रश्नांचा पेपर घेतात, वहीत गुण मांडतात. ते पोर आता दुर्बीण दिसली की पलंगाखाली जातं. असं करू नका, मनापासून सांगते.

पहिला महिना हे बटण दाबूच नका. नंतर दाबलं तर उलटं खेळा: लेकरानं प्रश्न ऐकवायचा, उत्तर आजी-आजोबांनी द्यायचं आणि चूक-बरोबर लेकरानं सांगायचं. शुक्र आणि बुधाच्या प्रश्नावर आमच्याकडं अजून सगळे मोठे चुकतात. लेक वही उघडून गोधडीचं वाक्य वाचून दाखवते.

इंग्रजी प्रश्न न समजल्यामुळं उत्तर चुकलं तर ती चूक आकाशाची नाही, भाषेची आहे. प्रश्न मराठीत सांगून पुन्हा संधी द्या.

८. आता ज्वारी, लिंबू आणि परात

चित्रपेटीचा एक मोठा तोटा आहे. तिच्यात सगळं एकाच मापाचं दिसतं. चंद्रही काचभर, सूर्यही काचभर. लेकराला वाटतं सगळे गोळे सारखेच. हा गैरसमज लगेच काढायचा.

ज्वारीचा एक टपोरा दाणा घ्या, साधारण चार मिलिमीटरचा. ही पृथ्वी. राजगिऱ्याचा दाणा हा चंद्र, पृथ्वीपासून बारा सेंटिमीटरवर, म्हणजे तळहातावर एका बाजूला ज्वारी ठेवली तर राजगिरा मधल्या बोटाच्या टोकाच्या आसपास येतो. गुरू म्हणजे लिंबू. शनी म्हणजे आवळा. आणि सूर्य? त्या मापानं सूर्य चव्वेचाळीस सेंटिमीटरचा, म्हणून मोठी परात. ती भिंतीला उभी करा, ज्वारीचा दाणा लेकराच्या हातात द्या आणि सत्तेचाळीस मीटर चालायला लावा. घरात जमणार नाही, गल्लीत किंवा शाळेच्या मैदानात करा. मोठ्या माणसाची साठ-पासष्ट पावलं होतात.

जाऊबाईंनी हे वर्गासोबत केलं. तिसरीतली एक मुलगी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ज्वारीचा दाणा धरून उभी राहिली, तिथून परातीकडं बघितलं आणि म्हणाली, "बाई, इथनं परात सूर्याएवढीच दिसायली." तिचं खरं होतं. माप बरोबर धरलं की परात तिथून आकाशातल्या सूर्याएवढीच दिसते. हे जाऊबाईंच्याही आधी लक्षात आलं नव्हतं.

९. गच्चीवर: चित्र आणि आकाश जोडा

आठवड्यात एक रात्र पुरते. जेवणाआधी घरात एक-दोन चित्रं ऐकायची, वही वाचायची आणि मग वर जायचं. खेळणं खालीच ठेवा. टॉर्चला लाल कापड बांधा. पांढऱ्या उजेडानं दिपलेले डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मोबाइल खिशात.

काय कधी दाखवायचं:

*पंधरवड्यातली सोपी सुरुवात.* शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर संध्याकाळी पश्चिमेला. रोज त्याच वेळी त्याच जागी उभं राहून बघा. चंद्र रोज वर सरकतो आणि भरत जातो. वहीत गोल काढून लेकराकडून भरून घ्या.

*शुक्राची चांदणी.* नाव चांदणी असलं तरी तो ग्रह आहे, इथं लेकरं हमखास गोंधळतात. ग्रह सहसा लुकलुकत नाही, तारा लुकलुकतो. शुक्र पहाटे पूर्वेला नाहीतर संध्याकाळी पश्चिमेलाच दिसतो, मध्यरात्री डोक्यावर कधीच येत नाही.

*उन्हाळ्यात.* एप्रिल-मेमध्ये गच्चीवर अंथरुणं टाकतोच आपण. उत्तरेला सप्तर्षी वर आलेले असतात. आमच्या आजीच्या तोंडी ते म्हातारीचं खाटलं: चार तारे खाटल्याचे पाय आणि मागं ओढत नेणारे तीन चोर. मधल्या चोराला नीट बघा, त्याला चिकटून एक मंद चांदणी आहे. ती अरुंधती, आणि तो मधला चोर म्हणजे वसिष्ठ. लग्नात हीच दाखवतात.

*ध्रुव.* उत्तरेकडं तोंड करा, हात सरळ लांब करून मूठ क्षितिजावर ठेवा, तिच्यावर दुसरी मूठ. मराठवाड्यातून ध्रुव तारा साधारण दोन मुठींच्या उंचीवर दिसतो. फार तेजस्वी नसतो, त्यामुळं "हाच का?" असं विचारतील. हाच. तो जागा सोडत नाही म्हणून त्याला मान.

*पावसाळ्यात.* जून ते सप्टेंबर ढगच जास्त. तेव्हा चित्रपेटीचे दिवस. पण मृग नक्षत्राबद्दल याच दिवसांत सांगा. ७-८ जूनच्या सुमाराला सूर्य मृगात जातो, आपण मृगाचा पाऊस म्हणतो, सोयाबीनच्या पेरणीची घाई होते. सूर्यच त्या ताऱ्यांच्या घरात असल्यामुळं मृगाचे तारे तेव्हा दिसत नाहीत. ते दिसायला सहा महिने थांबावं लागतं. हे सांगितल्यावर पुतण्यानं कॅलेंडरवर डिसेंबरात खूण केली होती.

१०. येळवशीची रात्र

त्या खुणेचं फळ येळवशीला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत येणाऱ्या वेळ अमावस्येला मिळतं. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं घरं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची खोप, भज्जी, आंबील, उंडे. दुपारी जेवून माणसं परततात. तुम्ही परतू नका, एवढंच माझं म्हणणं. अमावस्या आहे, म्हणजे चंद्र नाही. आकाश थंडीनं स्वच्छ झालेलं. गावापासून लांब, औसा रोडच्या दिव्यांचा उजेड नाही. वर्षातली ही सगळ्यात चांगली रात्र आपल्याला सणानंच दिलेली आहे.

अंगावर घोंगडी घेऊन पूर्वेकडं तोंड करून बसा. आठ-साडेआठपर्यंत एका रांगेत सगळे येतात: वर कृत्तिकेचा पुंजका, खाली तांबूस रोहिणी, त्याखाली मृग आणि सगळ्यात खाली व्याध. मृगाच्या पोटातले एका ओळीतले तीन तारे म्हणजे तिकांडं, व्याधानं मारलेला बाण. तिकांड्याची रेघ वर वाढवली की रोहिणीकडं जाते, खाली वाढवली की व्याधाकडं. एवढं एक शिकलं की लेकरू पुढं आकाशात वाट चुकत नाही.

कृत्तिका मोजायला लावा. कुणाला सहा दिसतात, कुणाला सात, लहान मुलांना कधी जास्तही. माझ्या वडिलांना पाच दिसल्या, लेकीला सात. "आबा, ती बाजूची राहिली की!" म्हणून ती त्यांचं बोट धरून दाखवत होती.

रानात जाताना बूट घाला, टॉर्च हातात असू द्या, विहिरीच्या बाजूला बसू नका आणि मोठ्या माणसाशिवाय लेकरं सोडू नका.

११. सूर्याबद्दल एक कडक नियम

खेळण्यात सूर्य बघता येतो, कारण तो फोटो आहे. पण त्यामुळं "दुर्बिणीतून सूर्य बघायचा असतो" अशी समजूत बसू शकते, आणि उद्या हातात खरी दुर्बीण आली तर ती समजूत डोळा घालवेल. भिंगातून सूर्य बघितला तर क्षणात कायमची इजा होते, आणि तेव्हा दुखत नाही. म्हणून सूर्याचं चित्र आलं की दर वेळी आमच्याकडं हे वाक्य म्हणतात: "हा फोटोतला सूर्य. खऱ्याकडं भिंग कधीच नाही." लेक आता हे स्वतः इतरांना सांगते. तुम्हीही पहिल्या दिवसापासून लावा.

१२. वर्गात किंवा पाहुण्यांत वापरताना

डोळे लावायचा भाग प्रत्येक मुलानंतर कापडानं पुसा. डोळ्यांची साथ असेल तर वर्गात नेऊच नका. तीस मुलं असतील तर प्रत्येकाला एकच चित्र द्या. ज्यानं शनी बघितला त्यानं बाकीच्यांना शनी बोलून दाखवायचा. जाऊबाईंचा अनुभव असा की रांगेत थांबलेली मुलं त्यामुळं कंटाळत नाहीत, बोलणाऱ्याला प्रश्न विचारत बसतात.

१३. पुढची पायरी

लेकरू सात-आठ वर्षांचं झालं, चोवीस चित्रं पाठ झाली, आता खरं बघायचं म्हणतं, तेव्हा बाजारातली स्वस्त तीन पायांची दुर्बीण घाईनं घेऊ नका. ती हलते आणि लेकरू हिरमुसतं. त्यापेक्षा दोन्ही डोळ्यांनी बघायची ७×५० किंवा १०×५० द्विनेत्री घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. तिच्यातून चंद्राचे खड्डे स्वच्छ दिसतात आणि हात भिंतीला टेकून स्थिर धरला तर गुरूचे चार चंद्रही. हेच चार गॅलिलिओनं १६१० मध्ये बघितले होते. शनीची कडी मात्र द्विनेत्रीत दिसणार नाहीत, त्याला निदान पंचवीस-तीस पटीची स्थिर दुर्बीण लागते. हे आधीच सांगून ठेवा.

१४. ठेवणं आणि पुढं देणं

महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात बंद कपाटात सेल फार लवकर पाझरतात. सेल टेकतात त्या धातूच्या पट्टीवर पांढरं साचलं असेल तर कोरड्या कापसानं पुसा, मग खोडरबरानं घासा, बहुतेक वेळा खेळणं परत बोलायला लागतं. चित्रांची चकती कधीच पाण्यानं धुऊ नका. गाडीत उन्हात ठेवू नका.

लेकरू मोठं झालं की दुसऱ्या घरी द्या, पण वहीसकट. आमची दुर्बीण गेल्या महिन्यात निलंग्याला मावसबहिणीकडं गेली. वही द्यायच्या आधी लेकीनं शनीचं पान उघडलं. माझ्या अक्षरातला जुना आकडा तिनं खोडून स्वतःच्या अक्षरात २७४ लिहिलं आणि शेजारी पेन्सिलनं बारीक लिहिलं: "वाढले तर बदला."